आहार-विहार आणि व्याधी : महाराष्ट्रातील एका शोधाचा इतिहास

वारणा नदीच्या काठचा परिसर गेल्या सहासात दशकांत ओळखू न येण्याइतका बदलला. सहकारमहर्षी तात्यासाहेब कोरे यांच्या प्रेरणेने १९५० च्या दशकात येथे साखर कारखान्याची उभारणी सुरू झाली, १९६८ मध्ये दूध संघ आला आणि पुढे शाळा, महाविद्यालये, बाजार व दवाखाना यांनी वारणानगर गजबजले. ज्या माळावर पावसाच्या भरवशावर ज्वारी-भुईमूग पिकत असे, तेथे बारमाही ऊस डोलू लागला. घराघरात दुभती जनावरे आली, हाती पैसा आला. पूर्वी सणासुदीला होणारे गोडधोड आठवड्याचे झाले व बाजारहाटासाठी होणारी पायपीट दुचाकीने संपविली. ही समृद्धी कष्टाने मिळविलेली आहे आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र या समृद्धीबरोबर मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार आणि कर्करोग हे शब्दही घरोघरी पोहोचले. ज्या व्याधी एकेकाळी शहरातील सुखवस्तूंच्या समजल्या जात, त्या आता शेतकऱ्याच्या ओसरीवर येऊन बसल्या आहेत.

अशा वेळी जैन समाजात एक समाधान सहज व्यक्त होते : शाकाहार, मद्यत्याग, रात्रिभोजनत्याग व उपवास यांचे कवच ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या लाभले आहे, त्याला या व्याधींची फारशी भीती नाही. हे समाधान कितपत खरे आहे? या प्रश्नाचे उत्तर श्रद्धेने किंवा अश्रद्धेने देता येत नाही, ते पुराव्यानेच द्यावे लागते. सुदैवाने असा पुरावा गोळा करण्याच्या कामात महाराष्ट्र साऱ्या देशाच्या पुढे राहिला. त्या कामाचा इतिहास मनोरंजक तर आहेच, पण समाजाला आरसा दाखविणाराही आहे.

प्राचीनांचे निरीक्षण

खाणे-पिणे आणि रोग यांचा संबंध ही आधुनिक काळाची कल्पना नव्हे. चरकसंहितेत प्रमेहाची कारणे सांगताना सुखाने बसून राहणे, अतिनिद्रा, दही, दूध, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ यांचा उल्लेख येतो. आजच्या मधुमेहतज्ज्ञाने लिहून दिलेल्या पथ्याच्या कागदाशी ही यादी ताडून पाहिली, तर साम्य पाहून नवल वाटते. गूळ, साखर आणि दूध यांच्यासाठी प्रसिद्धी पावलेल्या या परिसराने ती यादी तर विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे.

जैन परंपरेत आहाराचा विचार मुख्यत्वे अहिंसा व संयम यांच्या अंगाने झाला. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात मद्य, मांस व मधु यांचा त्याग आणि पाच अणुव्रते मिळून श्रावकाचे आठ मूलगुण सांगितले आहेत. बाह्य तपांमध्ये अनशनाच्या जोडीला अवमौदर्य, म्हणजे भुकेपेक्षा कमी खाणे, आणि रसपरित्याग, म्हणजे दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर, मीठ अशा रसांपैकी काहींचा त्याग, यांना स्थान आहे. हे नियम आत्मशुद्धीसाठी आहेत, आरोग्यशास्त्रासाठी नव्हेत, हे प्रथम स्पष्ट असावे. तथापि त्यांचा परिणाम शरीरावर होतच असतो आणि तो तपासण्यास धर्माची कोणतीही हरकत असण्याचे कारण नाही.

येथे एक बाब सहसा ध्यानात येत नाही. जुगार, मांस, मद्य, वेश्यागमन, शिकार, चोरी आणि परस्त्रीगमन ही सप्तव्यसनांची परंपरागत यादी आहे. तिच्यात तंबाखू नाही. ती नसण्याचे कारण सरळ आहे : ही यादी रूढ झाली तेव्हा तंबाखू भारतात नव्हतीच.

तंबाखूचे आगमन

तंबाखू ही मूळची अमेरिका खंडातील वनस्पती. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती गोव्याच्या किनाऱ्यावर उतरली आणि तेथून घाट चढून दख्खनमध्ये आली. सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेग हा मोगल वकील विजापूरच्या आदिलशाही दरबारी आला असता त्याने तेथे तंबाखू पाहिली. परत जाताना त्याने ती हुक्क्यासह अकबर बादशहाच्या भेटीसाठी नेली. दरबारातील हकीमाने या अनोळखी पदार्थास हरकत घेतली, अशी नोंद स्वतः असद बेगने करून ठेवली आहे. पुढे १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखूवर बंदी घातली. परंतु वकील, व्यापारी आणि शिपाई यांच्या हातून ती देशभर पसरली होती आणि बंदीचा उपयोग झाला नाही.

म्हणजे आपल्या देशात तंबाखूचे दर्शन सर्वप्रथम घडले, त्या ठिकाणांत विजापूर येते, जे वारणाकाठापासून फार दूर नाही. त्यानंतरच्या काळात कोल्हापूरच्या दक्षिणेस निपाणी-चिकोडीचा परिसर बिडी-तंबाखूचे मोठे केंद्र बनला. काळ्या कसदार जमिनीत ते पीक उत्तम येई आणि शेतकरी, अडते, व्यापारी, वखारीत राबणाऱ्या स्त्रिया अशा हजारो घरांची चूल त्यावर पेटे. १९८१ मध्ये रास्त भावासाठी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीस जे आंदोलन झाले, त्यात गोळीबार होऊन शेतकऱ्यांचे प्राण गेले. तंबाखू हा प्रश्न केवळ व्यसनाचा नाही, तो या भागाच्या उपजीविकेचाही राहिला आहे, याचे भान हा इतिहास वाचताना असावे.

जी वस्तू व्यसनांच्या यादीत नाही आणि जिचा व्यापार प्रतिष्ठित आहे, ती निषिद्ध वाटत नाही. म्हणूनच मद्याच्या वाटेस कधी न गेलेल्या अनेक घरांत तंबाखूची चंची आणि मिश्रीची डबी निर्वेधपणे वावरली.

परळची प्रयोगशाळा

कर्करोगाचा पद्धतशीर अभ्यास महाराष्ट्रात सुरू झाला तो मुंबईच्या परळ भागात. लेडी मेहेरबाई टाटा यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. त्यानंतर सर दोराबजी टाटा यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून उभे राहिलेले टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. त्या काळी कर्करोग हा पाश्चात्त्य देशांचा रोग असून भारतात तो क्वचित आढळतो, असा समज डॉक्टरांतही होता. तो समज दूर करण्याचे मोठे श्रेय डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे जाते.

डॉ. खानोलकर हे विकृतिशास्त्राचे अभ्यासक होते. सूक्ष्मदर्शकाखाली गाठीचा तुकडा तपासून ते थांबत नसत. हा रोगी कोण, कोठला, काय खातो, काय चघळतो, कोणते वस्त्र नेसतो, असे प्रश्न ते विचारीत. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतील मुखकर्करोगाच्या ओळीने आलेल्या १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पुढील वर्षी डॉ. सूर्याबाई यांच्यासह त्यांनी चालीरीतींशी निगडित कर्करोगांविषयी लिहिले. धोतराची गाठ वर्षानुवर्षे कमरेच्या एकाच जागी घट्ट घासली गेल्याने तेथील त्वचेस होणारा कर्करोग त्यांनी वैद्यकजगतापुढे मांडला. रोग दैवाने येत नाही, रोजच्या सवयीने येतो, ही गोष्ट या साध्या उदाहरणाने पटण्यासारखी होती. त्याआधी १९३३ मध्ये त्रावणकोर संस्थानात डॉ. ऑर यांनी विडा-तंबाखू खाणाऱ्यांतील मुखकर्करोगाकडे लक्ष वेधले होते. खानोलकरांनी तो धागा पुढे नेला. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक झाले.

याच सुमारास इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध १९५० मध्ये मांडला. पश्चिमेकडे सिगारेट, तर आपल्याकडे विडा, तंबाखू आणि बिडी : रोगाचे स्थान बदलले तरी मूळ कारण एकच निघाले.

गावोगावची तपासणी

रुग्णालयात येतो तो आजारी मनुष्य. समाजात रोग कसा निर्माण होतो हे पाहायचे तर गावात जावे लागते. हे काम मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधन विभागाने केले. डॉ. फली मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात देशाच्या निरनिराळ्या जिल्ह्यांत घरोघरी जाऊन लोकांची तोंडे तपासली. त्यांपैकी पुणे जिल्ह्यातील पाहणीत १,०१,७६१ ग्रामस्थांची तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. एवढ्या मोठ्या संख्येने निरोगी माणसांना तपासणे ही त्या काळी असामान्य गोष्ट होती.

या पाहणीत महाराष्ट्रातील मिश्रीची सवय प्रकर्षाने पुढे आली. तव्यावर तंबाखू भाजून केलेली काळी पूड दात घासण्यासाठी म्हणून वापरली जाते. वापरणाऱ्या स्त्रीला आपण तंबाखू घेतो असे वाटतच नाही. दात घासणे सकाळी एकदा पुरे, पण मिश्री दिवसातून तीनचार वेळा लागते, तेव्हाच ते व्यसन ठरते. गालाच्या आतील पांढरे चट्टे हे कर्करोगापूर्वीचे लक्षण असू शकते आणि ते तंबाखू घेणाऱ्यांत प्रामुख्याने दिसतात, हे अशा पाहण्यांतून सिद्ध झाले.

त्यानंतरचा टप्पा अधिक आशादायक होता. केरळातील एर्नाकुलम, गुजरातमधील भावनगर आणि आंध्रातील श्रीकाकुलम या जिल्ह्यांत सुमारे ३६,००० तंबाखू सेवन करणाऱ्यांना प्रत्यक्ष भेटून, तसेच चित्रपट, फलक, आकाशवाणी व वृत्तपत्रे यांच्या साहाय्याने सवय सोडण्याचा सल्ला देण्यात आला. ज्यांनी सवय सोडली किंवा पुष्कळ कमी केली त्यांच्यात हे चट्टे उद्भवण्याचे प्रमाण घटले. समजावून सांगितल्याने सवय सुटते आणि सवय सुटल्याने रोगाची शक्यता घटते, याचा हा भारतीय मातीतील पुरावा होय.

नोंदवही आणि धर्म

डॉ. जस्सावाला यांनी नवल टाटा यांच्या साहाय्याने १९५१ मध्ये भारतीय कर्करोग संस्था स्थापन केली आणि १९६३ मध्ये मुंबईत कर्करोगाच्या नोंदणीस सुरुवात केली. शहरातील प्रत्येक कर्करुग्णाची नोंद ठेवणारी देशातील ही पहिली नोंदवही. तीत वय, लिंग यांबरोबर धर्म व समाजाचीही नोंद होत असल्यामुळे एक अनपेक्षित चित्र दिसले.

अग्नीस पवित्र मानणाऱ्या पारशी समाजात धूम्रपान निषिद्ध मानले जाते. या समाजात तोंड, घसा आणि फुप्फुस यांचे कर्करोग मुंबईतील इतर लोकांच्या मानाने बरेच कमी आढळले. म्हणजे धर्मनियमाने नकळत आरोग्याचे रक्षण केले. परंतु त्याच समाजातील स्त्रियांत स्तनांच्या कर्करोगाचे प्रमाण इतरांहून अधिक होते. उशिरा होणारे विवाह, कमी अपत्ये आणि सुखवस्तू राहणी यांच्याशी त्याचा संबंध जोडला गेला. एक कवच एका बाजूने घट्ट होते, दुसऱ्या बाजूने उघडे होते.

या निष्कर्षातील बोध प्रत्येक समाजास लागू आहे. धर्माचे नाव शरीराचे रक्षण करीत नाही, ज्या सवयी प्रत्यक्ष पाळल्या जातात त्याच करतात, आणि तेही त्या सवयीशी संबंधित असलेल्या रोगांपासूनच.

१९८१-८२ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने राष्ट्रीय पातळीवर नोंदणी सुरू केली आणि १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. बार्शी परिसरात एकंदर कर्करोगाचे प्रमाण मुंबईच्या मानाने बरेच कमी दिसले. गावची राहणी काही अंशी हितकर होती, असे त्यातून म्हणता येते. मात्र स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग तेथे अग्रस्थानी होता आणि रुग्ण उशिरा येत असल्याने मृत्यू अधिक होते.

सुपारीचा निवाडा

जैन समाजास सर्वाधिक विचार करावयास लावणारा भाग सुपारीचा आहे. सुपारी शाकाहारी आहे, मद्य नाही, तंबाखूही नाही. मंगलकार्यात तिला मान आहे व पंगत उठल्यावर तबकात ती फिरतेच. मुंबईच्या डॉ. जोशी यांनी १९५३ मध्ये तोंडाच्या अशा एका विकाराचे वर्णन केले की ज्यात गालाचे आतील आवरण ताठर होत जाते आणि अखेर तोंड उघडेनासे होते. सबम्यूकस फायब्रोसिस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विकाराचे प्रमुख कारण सुपारी असल्याचे पुढील संशोधनाने दाखविले. हा विकार कर्करोगाची पूर्वावस्था मानला जातो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ मध्ये तंबाखूयुक्त विडा कर्करोगकारक ठरविला होता. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात तिने याहून पुढचे पाऊल टाकले : तंबाखूविरहित विडा आणि खुद्द सुपारी हीदेखील मनुष्यात कर्करोग निर्माण करणारी आहे. ‘आम्ही फक्त सुपारी खातो’ हा बचाव त्या दिवशी संपला.

दरम्यान सुपारी व तंबाखू यांचे सुगंधी मिश्रण लहान पुडीत भरून गुटखा या नावाने शाळकरी मुलांपर्यंत पोहोचले होते. महाराष्ट्र शासनाने १ ऑगस्ट २००२ पासून त्यावर बंदी घातली, पण राज्यास तसा अधिकार नाही या कारणाने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती टिकली नाही. अन्नसुरक्षा कायद्याखाली २०११ मध्ये अन्नपदार्थात तंबाखू व निकोटिन मिसळण्यास मनाई झाली. त्या आधारे जुलै २०१२ मध्ये राज्याने पुन्हा बंदी आणली. देशव्यापी सर्वेक्षणानुसार २००९-१० मध्ये राज्यातील ३१.४ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू घेत होते. २०१६-१७ मध्ये हे प्रमाण २६.६ टक्क्यांवर आले. यात ओढण्यापेक्षा खाण्याचा व चघळण्याचा भाग फार मोठा, २४.४ टक्के, आहे. घट झाली आहे, पण चार प्रौढांमागे एक हे प्रमाण समाधानाचे नाही.

शाकाहाराचे पुरावे

शाकाहाराच्या बाजूने आज पुष्कळ पुरावा आहे. १९६८ मध्ये हेन्झेल व कुरिहारा यांनी दाखविले की, अमेरिकेत स्थायिक झालेल्या जपानी लोकांत जठराचा कर्करोग कमी होतो आणि मोठ्या आतड्याचा वाढतो. वंश तोच, पण ताट बदलले की रोगही बदलतो. आफ्रिकेत काम केलेले शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांनी १९७० च्या दशकात चोथायुक्त अन्नाचे महत्त्व सांगितले. डॉल व पेटो यांनी १९८१ मध्ये अमेरिकेतील कर्करोगमृत्यूंपैकी सुमारे ३० टक्के तंबाखूशी आणि सुमारे ३५ टक्के आहाराशी निगडित असावेत असा अंदाज केला. आहाराचा आकडा मात्र १० ते ७० टक्के इतका अनिश्चित असल्याचेही त्यांनी प्रामाणिकपणे नमूद केले. मुंबईत नोटाणी व जयंत यांनी १९८७ मध्ये केलेल्या अभ्यासात तोंड व घशाच्या कर्करोगापासून भाज्यांचे सेवन काहीसे संरक्षण देते असे दिसले. २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक आणि तांबडे मांस संभाव्य कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत झाले.

तथापि नाण्यास दुसरी बाजू आहे. इंग्लंडमध्ये सुमारे ४८,००० लोकांच्या अठरा वर्षांच्या निरीक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शाकाहारी लोकांत हृदयविकाराचे प्रमाण मांसाहारींपेक्षा २२ टक्क्यांनी कमी आढळले, पण पक्षाघाताचे २० टक्क्यांनी जास्त. याचे एक संभाव्य कारण म्हणून ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा उल्लेख केला जातो. शिवाय शाकाहार म्हणजे केवळ मांसाचा अभाव नव्हे. तळलेले फरसाण, मैदा, साखर, पापड व लोणचे हेही शाकाहारीच आहेत. मीठ दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी असावे आणि अन्नात वरून मिसळलेल्या साखरेपासून एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांहून कमी, शक्य तर पाच टक्क्यांहून कमी उष्मांक यावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पाच टक्के म्हणजे सर्वसाधारण माणसास दिवसाला सुमारे २५ ग्रॅम, पाचसहा चमचे. दिवसभरातील चहा आणि एक वाटी श्रीखंड यांतच ही मर्यादा ओलांडली जाते.

पुण्यातील कृश-स्थूल बालके

मधुमेहाच्या संशोधनात महाराष्ट्राचे योगदान पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्यामुळे जगभर पोहोचले. १९७० च्या दशकातील राष्ट्रीय पाहणीत मधुमेहाचे प्रमाण शहरात सुमारे २.१ टक्के व खेड्यात १.५ टक्के होते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत महाराष्ट्राच्या शहरांत ते १०.९ टक्के आणि ग्रामीण भागात ६.५ टक्के आढळले. २०२३ च्या अहवालानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. एवढ्या वेगाने रक्तातील वंशगुण बदलत नाहीत, बदलते ती राहणी.

पण भारतीय मनुष्य फारसा लठ्ठ नसतानाही मधुमेही का होतो? डॉ. याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांतील मातांचा व त्यांच्या बालकांचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. पुण्याचे बालक वजनाने हलके, स्नायूंनी कृश, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून असलेली. २००४ मध्ये याज्ञिक व त्यांचे इंग्रज सहकारी युडकिन यांनी आपले शेजारी शेजारी काढलेले छायाचित्र प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. सडपातळ दिसणे म्हणजे निरोगी असणे नव्हे, हे याहून सोप्या रीतीने सांगता आले नसते.

याच गावांतील मातांपैकी ज्यांच्या आहारात पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा होते, त्यांची बालके जन्मतः अधिक वाढलेली आढळली. तसेच सुमारे दोनतृतीयांश गर्भवती स्त्रियांत ब-१२ ची कमतरता होती. ज्यांच्यात ब-१२ कमी आणि फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला न जुमानण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली. ब-१२ वनस्पतीत मिळत नाही. शाकाहारी मनुष्यास ते मुख्यतः दूध, दही, ताक यांतून मिळते. म्हणून दूध संघाच्या गावात दूध संघास घालताना घरातील गर्भवती सुनेच्या पेल्यासाठी किती राहिले, हा प्रश्न पुढच्या पिढीच्या आरोग्याचा आहे. रक्तातील ब-१२ तपासून वैद्यकीय सल्ल्याने पूरक औषध घेणे शाकाहारी कुटुंबास अवघड नाही.

नियमांचा नवा अर्थ

सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाकडे आता शास्त्रज्ञांचेही लक्ष गेले आहे. २०१८ मध्ये स्पेनमधील एका अभ्यासात रात्री नऊपूर्वी, किंवा झोपण्याआधी दोन तास जेवणाऱ्यांत स्तन व प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाची शक्यता सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळली. त्याच वर्षी अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरील काही पुरुषांवर केलेल्या लहान प्रयोगात, दिवसाच्या पूर्वार्धातच जेवण आटोपल्याने इन्सुलिनचे कार्य सुधारले. पुरावा अजून कोवळा आहे, त्यावर मोठे दावे उभारू नयेत. पण दिवसा जेवून सायंकाळी मनसोक्त तळलेले खाणे, किंवा उपवासाच्या पारण्यास भुकेच्या दुप्पट खाणे, यांत नियमाचे शब्द पाळले जातात आणि अवमौदर्याचा भाव हरवतो, हे सांगण्यास प्रयोगशाळेची गरज नाही. पर्वतिथीस हरितत्याग करणाऱ्यांनी इतर दिवशी भाजी व फळे ताटात आवर्जून वाढवावीत, असेही म्हणता येईल.

आणि आहाराने सर्वच टळत नाही. गर्भाशयमुखाचा कर्करोग विषाणूमुळे होतो, तो शाकाहारी स्त्रीसही होतो. ऑक्टोबर १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शी व परळच्या डॉक्टरांनी १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश असलेली चाचणी केली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार आयुष्यात एकदा केलेल्या एच.पी.व्ही. तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. मराठवाड्यातील शेतकरी स्त्रियांनी दिलेला हा पुरावा सर्व जगाने स्वीकारला. या विषाणूवरील लस पुण्याच्या सीरम संस्थेने २०२३ मध्ये बाजारात आणली. लाजेपोटी तपासणी टाळणे हे संयमाचे लक्षण नव्हे.

समाजासमोरील कार्य

या इतिहासाचा निष्कर्ष थोडक्यात असा. परंपरेने जे वर्ज्य केले त्यापैकी मद्य आणि मांस यांविषयी शास्त्राने तिच्या बाजूने कौल दिला. परंपरेस जे ठाऊकच नव्हते, ती तंबाखू, तिच्याविषयी शास्त्राचा कौल अत्यंत कठोर आहे. परंपरेने जे निर्दोष मानले, ती सुपारी, तिलाही दोषी ठरविण्यात आले आहे. आणि जे अतिरेकाने दोषी होते, ते तूप, साखर, मीठ व बैठे जीवन, त्यांचे प्रमाण ठरविणे प्रत्येक घराच्या हाती आहे.

समाजाच्या संस्थांना यात प्रत्यक्ष करण्यासारखे बरेच आहे. मंगल कार्यालयातील पंगतीनंतर तबकात सुपारीऐवजी बडीशेप, ओवा, तीळ किंवा आवळा ठेवता येतो. पंगतीत दोन गोड पदार्थांच्या जागी एक गोड आणि एक कोशिंबीर येऊ शकते. वार्षिक उत्सवास तोंडाची, रक्तदाबाची व रक्तातील साखरेची तपासणी जोडता येते. मिश्रीची डबी ही व्यसनांच्या यादीत आठवी म्हणून गणली जावी, असा संकल्प पाठशाळेतील मुलांकडून घरोघरी पोहोचविता येतो. वारणाकाठाजवळच्या कुंभोज येथे जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी शिक्षणाचे काम गावोगाव नेले ते मोठ्या भांडवलाच्या बळावर नव्हे, तर लोकांनी मूठमूठ दिलेल्या धान्याच्या आणि विश्वासाच्या बळावर. आरोग्याचे कामही त्याच मार्गाने होणारे आहे.

खानोलकरांनी आपल्या रुग्णांस जे प्रश्न विचारले, ते प्रत्येक कुटुंबाने स्वतःच्या घरातच विचारावेत : आपण काय खातो, किती खातो, केव्हा खातो आणि जेवण झाल्यावर तोंडात काय ठेवतो? नियमांचे पालन करणाऱ्या समाजास या चार प्रश्नांची उत्तरे देणे अवघड जाऊ नये.